साखरलेला मध

शब्दोबांना कुठलाही शब्द विचारा, त्याचे आजे-पणजे सांगतील. पण मीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारा, की झाली दांडी गुल! शब्दोबा हे नाव लेकीनं ठेवलेलं. शब्दकोशाचं काम घरीच चाले आणि त्याची पद्धत ठरलेली: शब्दोबांनी नोंद लिहायची, माईंनी ती मोठ्यानं वाचायची. बायकोच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांची एकही नोंद छापखान्यात गेली नव्हती.

आता मात्र माईंनी तोंडाला कुलूप लावलं होतं. घशाचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, डॉक्टर म्हणाले, "बोला आता बिनधास्त." माईंनी एकदाच बोलून पाहिलं, तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज! तेव्हापासून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. लेकीचा फोन आला की त्या मुकाट्यानं नवऱ्याच्या हातात द्यायच्या.

"आई का बोलत नाही? बाबा, खरं सांगा, काही लपवताय का?" लेक तिकडून विचारायची आणि माई फोनपासून आणखीच लांब सरकायच्या. आईच्या आवाजाशिवाय न झोपणारी पोर ती. तिनं हे असलं ऐकायचं? छे!

त्या संध्याकाळी शब्दोबा 'मधुर'पाशी अडले होते. स्वतःच वाचत होते, "मधुर. मूळ शब्द मधु, म्हणजे मध. मधासारखा गोड, अलगद ओघळणारा, खरखर नसलेला आवाज." वाचताना सतरा ठिकाणी अडखळले. शेवटी कागद माईंपुढे धरला.

"अगं, वाच की एकदा. तुझ्याशिवाय गाडी हलत नाही बघ."

माईंनी मान फिरवली. नेमका हाच शब्द यायचा होता मेला!

शब्दोबा हिरमुसले. निदान बायकोच्या घशाला आराम पडावा म्हणून कोमट पाण्यात मध घालून द्यायला स्वयंपाकघरात गेले. बरणी उजेडात धरून पाहतात तर मध घट्ट, पांढरट, रवाळ झालेला.

"अरेरे, नासला की!" असं म्हणत त्यांनी कचऱ्याच्या डब्यावर बरणी उपडी केली आणि चमच्यानं खरवडायला लागले.

"अहो, टाकू नका!" माई दारातून ओरडल्या. "नासला नाही तो, साखरलाय! थंडीत अस्सल मध असाच होतो. गोडी कुठे जाते त्याची? एवढंही कळत नाही, आणि निघालेत मधाचं मूळ शोधायला!"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. आवाज खरखरीत तो खरखरीतच होता. शब्दोबा बरणी छातीशी धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"बोललीस," ते म्हणाले. "किती वाट बघायला लावलीस गं."

चमच्याला लागलेला मध त्यांनी चाटून पाहिला. मग तडक टेबलाशी गेले, पेन उघडलं आणि 'खरखर नसलेला' यावर काट मारली. कागद पुन्हा पुढे केला.

"इश्श, काहीतरीच तुमचं," माई पुटपुटल्या; पण वाचलं. थांबत, खाकरत, पण सगळं वाचलं. शब्दोबा डोळे मिटून ऐकत होते.

"जाऊ दे आता छापायला," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं शब्दोबांनी हात पुढे केला, पण माईंनी फोन दिला नाही; स्वतःच "हॅलो" म्हणाल्या.

"आई? तूच ना? अगं, आवाजाला काय झालं तुझ्या?" लेक रडायच्या बेतात आली होती.

"काही नाही गं बाळा," माई म्हणाल्या. "साखरलाय नुसता."