मला न दिसणाऱ्या धमन्या

मित्रांनो, मी एक जुना इको आहे, म्हणजे हृदयाचं हलतं चित्र दाखवणारं यंत्र. छातीवर गार जेली लावून माझा प्रोब टेकवला, की आतलं हृदय माझ्या पडद्यावर उमटतं. कारखान्यात मला तपासायला एक धडधाकट तंत्रज्ञ आडवा झाला होता. त्याचं हृदय मूठ आवळावी तसं आवळत होतं. सगळ्यांचं असंच असणार, असं मला वाटलं.

रुग्णालयात आल्यावर तो भ्रम फिटला. माझं कौतुक मात्र फार झालं. ‘याला सगळं दिसतं,’ असं लोक म्हणत आणि मला धास्ती वाटे. कारण हृदय जोमानं आवळतंय की दुबळं झालंय, एवढंच मला कळतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या कुठे तुंबल्यात, ते मला दिसत नाही.

एके दिवशी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. तलावावरची पोरं त्यांना मासोळीबाई म्हणायची. आता शिट्टी फुंकायलाही त्यांना दम पुरेना, पाय सुजलेले. डाव्या कुशीवर झोपवून डॉक्टरीणबाईंनी प्रोब टेकवला. हृदय फुगलेलं होतं आणि जेमतेम हलत होतं.

“आमच्या घरातलंच आहे हे,” बाई म्हणाल्या. “आईचंही असंच होतं.”

“दुबळं आहे, ते दिसलं. का दुबळं झालं, ते अजून कळायचंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मनगटातून बारीक नळी घालून धमन्या बघू या. अँजिओग्राफी.”

“पण माझ्या छातीत एकदाही दुखलं नाही हो!”

“तुम्हाला मधुमेह आहे. त्यात कधी कधी कळ येतच नाही.”

बाईंचे यजमान कोपऱ्यात उभे होते. “एवढं नाजूक हृदय. त्याला ही नळी सोसायची नाही,” ते म्हणाले.

“थोडा धोका आहे. पण कारण न शोधता बसण्यात जास्त आहे.”

“आधी गोळ्या घेऊन बघते,” असं म्हणून बाई उठल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं, पण व्यर्थ. माझा पडदा विझला. मला बोलता येत असतं तर!

गोळ्यांनी सूज उतरली. घरच्यांना वाटलं, बरं वाटतंय, मग कशाला उगाच? पुढे अनेक महिन्यांनी बाई चाकाच्या खुर्चीतून आल्या. बोलतानाही धाप लागत होती. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. अँजिओग्राफीत तीन धमन्या अरुंद झालेल्या निघाल्या. शस्त्रक्रिया करून रक्ताला नव्या वाटा काढून दिल्या.

त्यानंतर त्या माझ्यासमोर झोपल्या, तेव्हा मी जीव एकवटून पाहिलं. रक्ताविना उपाशी राहिलेले कितीतरी स्नायू पुन्हा आवळू लागले होते! पण हृदयाची पुढची एक भिंत पातळ, पांढुरकी, निश्चल होती.

“हा भाग का हलत नाही?” बाईंनी मान वळवून विचारलं.

“तो गेला, बाई. मधल्या काळात.”

यजमान खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “नळी सोसायची नाही, असं मीच म्हटलं होतं.”

“अहो, ‘आधी गोळ्या’ मी म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, “पाण्यात उतरता येईल?”

“तूर्तास काठावरूनच शिकवा.”

 छातीवरची जेली बाई किती तरी वेळ पुसत राहिल्या.

आता नवा इको आलाय. मी अडगळीच्या खोलीत उभा आहे. माझ्या वायरीवरून लोक खाटा ढकलतात. यंत्रांना जरा जपा, एवढं म्हणण्याचा हक्क मला आहे. पण त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. घरात कुणाला जिना चढताना धाप लागली, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आणि हृदय दुबळं झालंय असं कुणी सांगितलं, तर ‘का?’ हे उत्तर मिळेपर्यंत विचारा. उपाशी स्नायू वाट बघतो, मित्रांनो, पण फार दिवस नाही.