रोजची गोळी

डॉक्टर गार्गानेरांच्या दवाखान्यात दोन बाकं. एकावर आम्ही पेशंट, दुसऱ्यावर औषधकंपन्यांची माणसं, पायाशी चाकांच्या बॅगा घेऊन. आमच्या इलोइलो शहरातल्या सगळ्याच दवाखान्यांत असंच. त्या गुरुवारी त्यांचं बाक भरलं, म्हणून त्यांच्यातली एक पोरगी माझ्या शेजारी येऊन टेकली. जेझेल तिचं नाव.

मी शिवणकाम करते. संधिवातानं बोटं आखडली म्हणून डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वी गोळी सुरू केली होती. बोटं तशीच, वर तोंड आतून सोलून निघालेलं. पाण्याचा घोटही झोंबायचा. तेच दाखवायला आले होते. गोळीची वेळ झाली म्हणून मी पाकीट काढलं.

"मानांग, थांबा जरा," ती पोरगी म्हणाली; आमच्याकडे थोरल्या बाईला मानांगच म्हणतात. "ही काल पण घेतलीत?"

"रोज घेते. एकदाही चुकवली नाही," मी ऐटीत सांगितलं.

तिचा चेहराच उतरला. "ही आमच्याच कंपनीची. पेशंटला औषधाचा सल्ला देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण त्यांना विचारेपर्यंत ही तोंडात घालू नका. चला, आत्ताच आत जाऊ."

"माझ्यापुढे सात जण आहेत गं."

"असू देत. शिव्या मी खाईन."

आणि खाल्ल्याही. आत डॉक्टर वैतागले. "जेझेल, तुझा नंबर यायचाय अजून."

"माझं काही नाही, डॉक. आधी यांचं तोंड बघा."

ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती.

"मी नीट समजावलं नाही. चूक माझी," डॉक्टर म्हणाले.

"नाही हो, मीच अर्धवट ऐकलं."

"आणि आमचं पाकीट?" जेझेल म्हणाली. "'आठवड्यातून एकदा' हे कुठं छापलंय, भिंगाशिवाय दाखवा मला."

त्याच दुपारी मला इस्पितळात घातलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. अकरा दिवसांनी घरी आले. आणखी दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या असत्या तर घरी येणं अवघड होतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं.

जेझेलनं डॉक्टरांमार्फत माझी परवानगी मागितली आणि माझं नाव न घालता सगळं कंपनीला लिहून कळवलं. तिचा साहेब चिडला म्हणे. "आपल्याच औषधाची तक्रार आपणच करायची?"

"आपणच करायची असते, सर," ती म्हणाली. हे मला दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं.

वर्षभरात पाकीट बदललं. आता त्यावर लाल ठळक अक्षरं आहेत, माझ्यासारखीलाही चष्म्याविना वाचता येतील अशी.

पुढच्या उपचारानं बोटं सुटल्यावर मी पहिला ब्लाउज तिच्यासाठी शिवला आणि दवाखान्यात गाठलं तिला.

"पेशंटकडून काही घ्यायचं नसतं, मानांग. नियम आहे."

"मग नियमाला सांग, म्हातारी ऐकत नाही म्हणून."

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, पण घेतला नाही. अंगाला लावून आरशात पाहिलं, घडी घातली, माझ्या हातात ठेवला. "माप अगदी बरोबर आहे हं!"

जारोच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावताना आता माझ्या तोंडी आधी तिचं नाव येतं, मग आमच्या ह्यांचं. ते वर बसून रुसत असतील. रुसू देत.