सहाऐवजी चार

तांब्याचा रंग दिसायला नको होता. गाडीच्या इंजिनातल्या बेअरिंगची ती अर्धगोल पट्टी – नखाएवढी जाड, आतून गुळगुळीत करडी असायला हवी अशी – मिस्त्रींनी चिंधीने पुसून त्याच्या तळहातावर ठेवली होती, आणि तिच्या मधोमध खालचं तांबं उघडं पडलं होतं, खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

"तेल संपलं की असंच होतं," मिस्त्री म्हणाले. "सहाच्या सहा गेल्यात. त्या ज्या दांड्यावर बसतात तो क्रँकपण गेला. तेलाचा दिवा लागला नव्हता का हो?"

"लक्ष नव्हतं माझं," तो म्हणाला.

होतं. लक्ष चांगलं होतं. पुलाच्या चढावर तो लाल दिवा लागला तेव्हा मी त्याच्याकडे सरळ बघितलं, घर दहा मिनिटांवर होतं, आणि गाडीत दुसरं कोणी नसताना मी मोठ्याने म्हणालो – चालेल. मग वळणावर इंजिनात कुणीतरी हातोडी मारायला लागलं... आणि तरीही मी आणखी दोन चौक गेलो.

चालेल हा त्याचा जन्मभराचा शब्द. चहा की कॉफी, चालेल. ही नोकरी की ती, खोलीला पिवळा रंग की पांढरा – चालेल. बाबांना या शब्दाची चीड होती. टर्नर माणूस, केसाच्या रुंदीइतका फरक बोटाला कळणारा, ते लेथवरून मान वर न करता म्हणायचे, "चालायला काय, गाढवही चालतं. पाहिजे की नको, ते बोल!" आणि त्याच माणसाने ही बुटकी, लाल, दोन दारांची गाडी सांगाड्याच्या भावात घेऊन चार वर्षं रोज कामावरून आल्यावर तिचं इंजिन स्वतः बांधलं होतं, एकेक पट्टी अशीच तळहातावर घेऊन, उजेडाकडे धरून. आता काचबिंदूने डोळे गेले. राहिली ती रविवारची फेरी: शेजारच्या सीटवर बसायचं, डॅशबोर्डवर हात ठेवायचा आणि कान देऊन ऐकायचं. गेले तीन रविवार तो त्यांना सांगत होता, पार्ट यायचाय.

"मग काय ठरवताय?" मिस्त्री विचारत होते. "असलंच सहा सिलिंडरचं मिळेल, नाही असं नाही. पण त्या पैशात नवी गाडी येईल तुमच्या दारात. नाहीतर जुन्या बाजारात एक चार सिलिंडरचं बघून ठेवलंय, घरगुती गाडीतलं. गरीब इंजिन, कधी तक्रार नाही करायचं. दुधाची तहान ताकावर, साहेब. पण संध्याकाळपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक लागलंय."

"आवाज?"

मिस्त्री हसले. "बाबा ओळखतील म्हणता? सायलेन्सर बदलून जाडा आवाज काढून देतो. अळीमिळी गुपचिळी!"

तोही हसला, आणि हसल्याची त्याला लाज वाटली.

दुपारी तो जुन्या बाजारात गेला. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी घोडीवर ते इंजिन बसवलेलं होतं. दुकानदाराने बॅटरीची तार लावली आणि ते लगेच सुरू झालं – एकसुरी, कामसू, शिलाई मशीन चालावं तसं. त्याने कान दिला. कुठे खोट नव्हती. उभ्या जन्मात हे इंजिन कुणाला दगा देणार नाही आणि कुणी त्याच्याकडे वळूनही बघणार नाही... त्याला ते आवडलं, अगदी जवळचं वाटलं, आणि म्हणूनच त्याला तिथे उभं राहवेना. बाबांच्या त्या सहा सिलिंडरच्या घुमण्यात मी कधीच नव्हतो. या पटपटीत आहे. हे मी बाबांच्या गाडीत बसवणार, आणि वर जाडा आवाज लावणार.

दार उघडता उघडता बायको हळूच म्हणाली, "सांगून टाक एकदाचं. पार्ट काय पायी चालत येतोय?"

बाबा खिडकीशी खुर्चीत होते, तोंड रस्त्याकडे. तो समोर बसला. येताना त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं – गाडी जुनी होती, पाइप फुटला, कुणाच्याही हातून झालं असतं – पण तोंडून भलतंच निघालं.

"बाबा, इंजिन गेलं. दिवा लागला होता. मी बघितला होता, तरी चालवली."

खुर्चीच्या हातावरची बाबांची बोटं थांबली. आता येईल. त्याने पाठ ताठ केली, दहा वर्षांचा असताना करायचा तशी.

"दुसरं बघितलंस?"

"बघितलं. चार सिलिंडरचं आहे. साध्या गाडीतलं."

बाबांनी मान थोडी कलती केली. मग म्हणाले, "चालेल."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आवाज बदलेल, बाबा. तुमचं ते..."

"चालेल रे. बसायला मिळालं म्हणजे झालं."

इतक्या मवाळपणे ते त्याच्याशी कधी बोलल्याचं त्याला आठवेना. त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती, राग गिळल्याची खूणही नव्हती, होता तो नुसता एक थकलेला म्हातारा, आणि हे तीन रविवारांत झालं की केव्हापासून होत होतं, हे त्याने बघितलंच नव्हतं. खिशात फोन वाजायला लागला. मिस्त्री असणार. संध्याकाळ झाली होती.

"घे की फोन," बाबा म्हणाले.

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. सुटलो, असं वाटायला हवं होतं, आणि त्याला भीती वाटत होती, कधी नव्हती इतकी. ओरडा ना, बाबा. गाढव म्हणा. नको म्हणा, हेच इंजिन पाहिजे म्हणा, घर विकून आण म्हणा – मी आणीन. फोन वाजतच होता, आणि तो समोरच्या माणसाकडून ती जुनी चीड मनातल्या मनात जिवाच्या आकांताने मागत होता.