बोटाला कळेल तेवढं

"अहो, रक्त येतंय की!"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. हातातल्या पोलादी दांड्यावर लाल रेघ उतरली होती. कापलेलं बोट शेजाऱ्याचं असावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि चिंधीनं आधी दांडा पुसला.

"बोट पुसा, बोट! लोखंडाला काय पट्टी बांधायचीय?"

बायको दारातच उभी होती. घराच्या मागच्या खोलीत लेथ बसवून तीस वर्षं झाली, पण उंबऱ्याच्या आत ती क्वचितच यायची. ती शिंप्यांची काजं-बटणं करून द्यायची. पांढऱ्या कापडाला तेलाचा डाग लागला की दिवस पाण्यात.

"दुखलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

मिस्त्रींनी तीच चिंधी बोटाला गुंडाळली. डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले होते : साखरेनं बोटांच्या नसा खाल्ल्या, गेलेलं परत येणार नाही. त्यांनी डॉक्टरांच्या कागदाची घडी करून ती ड्रिलच्या डब्यात ठेवली आणि कामाला लागले. वाईटही वाटलं नव्हतं. बोटांबरोबर तेही गेलं असावं.

दांडा ब्रेकचा होता. मागच्या चाकाच्या पोटात बसणारा, ब्रेक दाबला की फिरणारा. निवृत्त पोस्टमास्तरांच्या जुन्या मोटरसायकलचा. ती बनवणारा कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. "मिस्त्री, ती आणि मी सारखेच. दोघांचेही सुटे भाग मिळत नाहीत," असं म्हणत ते झिजलेला दांडा नमुन्याला ठेवून गेले होते. नवा आज दुपारी न्यायचा होता. उद्या त्यांना आपल्या बायकोला मागं बसवून घाट उतरायचा होता.

माप बरोबर होतं. पण कापल्या कडेला लोखंडाचं कुसळ राहतं. ते मापात येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच काय ते कळतं. राहिलं, तर दांडा आत अडकतो आणि ब्रेक ऐन वेळी दगा देतो. सकाळपासून मिस्त्री कडेवरून बोट फिरवत होते. लोखंड सांगत होतं, बोट ऐकत नव्हतं. रक्त आलं म्हणजे कुसळ आहे. कुठं आहे, ते रक्त सांगत नाही.

"आत ये," ते म्हणाले.

"मी? आज सूर्य कुठं उगवला?"

"डोळे मीट. या कडेवरून बोट फिरव. हळू, कापेल."

काजाच्या टाक्यावरून फिरवावं तसं तिनं फिरवलं.

"इथं. खरखरतंय. तिळाएवढं."

मिस्त्रींनी कानस लावली. "आता?"

"आहे अजून."

"आता?"

"थांबा हो, गाडी सुटतेय का तुमची? ...आहे. इकडं सरकलंय मेलं."

कानस, बोट. कानस, बोट. एकानं थांबावं, दुसऱ्यानं चालावं. खिडकीतलं ऊन लेथवरून जमिनीवर आलं.

"आता नाही."

"नक्की?"

"जन्म गेला काजं करण्यात. नाही म्हणजे नाही."

दुपारी पोस्टमास्तर आले. त्यांनी दांडा बसवून फिरवून पाहिला. गेला तसा परत आला, कुठं अडखळला नाही.

"वा! मिस्त्री, जादू आहे तुमच्या बोटांत."

"माझ्या नाही," मिस्त्री म्हणाले. "माझी बोटं गेली. ही हिची."

पोस्टमास्तर हसले. मग त्यांना बोटावरची पट्टी दिसली, मिस्त्रींचा चेहरा दिसला, आणि हसू ओठांवरच राहिलं.

"मग... पुढच्या चाकाचं कसं करायचं?"

"हिला विचारा."

ते तिच्याकडे वळले. मिस्त्री भिंतीकडे पाहत होते.

"परवा आणा," ती म्हणाली. "उद्या माझी काजं द्यायचीत."

ते गेल्यावर ती मोरीपाशी हात घासत बसली. बोटांच्या रेघांतलं काळं हलेना.

"साबणानं नाही जायचं ते." मिस्त्री रॉकेलची बाटली घेऊन आले. तिचे हात आपल्या डाव्या हातावर घेऊन त्यांनी बाटली कलती केली. रॉकेल तिच्या बोटांवरून त्यांच्या तळव्यात उतरलं.

"गार लागतंय का गं?"

"लागतंय."

"खूप?"

"खूप नाही. सकाळच्या पहिल्या पाण्याएवढं."

मिस्त्रींनी मान हलवली, आणि बाटली तशीच कलती धरून ठेवली.