जुळलेले आकडे

बाईंची बोटं निवृत्तीनंतरही वर्षभर जांभळीच राहिली होती. अठ्ठावीस वर्षं हिवतापाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर रक्ताचे थेंब रंगवायचे म्हणजे तो रंग नखांत मुरणारच. नातेवाईक मागून ‘जांभळ्या बाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आज बारा वर्षांनी त्या पुन्हा त्याच खोलीत आल्या होत्या. प्रयोगशाळा नव्या इमारतीत चालली होती आणि तिथे जुन्या काचपट्ट्यांना एकच कपाट मिळणार होतं. दोन वर्षांच्या पेट्या राहणार, बाकीच्या भट्टीत जाणार. नवी डॉक्टर, बाईंच्या लेकीच्या वयाची, तिने त्यांना यादीवर सही करायला बोलावलं होतं.

पण बाईंचं लक्ष यादीकडे कुठलं! खिडकीपाशी दोन खुर्च्या अजून पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. एक त्यांची, दुसरी मास्तरांची. मास्तर आधी शाळेत शिकवत, म्हणून इथेही मास्तरच. नियम असा, की एकाच थेंबातले जंतू आधी बाईंनी मोजायचे, मग दुसरं वाचन मास्तरांनी करायचं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला कळू द्यायचा नाही. चिठ्ठीची घडी करून बिस्किटाच्या डब्यात टाकायची. संध्याकाळी डबा उघडायचा. फार फरक पडला की तिसरा माणूस मोजायचा आणि चुकेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा. मास्तर इतका भयंकर चहा करत की बाई कधीकधी देवाला विनवत, आज मलाच चुकू दे. काय दिवस होते ते! आता मास्तरांना जाऊनही चार वर्षं झाली होती.

“हे बघा बाई,” डॉक्टरने रजिस्टर पुढे सरकवलं. “शेवटची दोन वर्षं ठेवतेय. तुमचे आणि मास्तरांचे आकडे काय जुळतात हो! कॉम्प्युटरनेच निवडलीत.”

बाईंनी चष्मा चढवला. आधीच्या पानांवर अडतीसला एक्केचाळीस, शंभराला त्र्याण्णव. दोन माणसं खरोखर मोजतात तेव्हा असंच होतं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र अडतीसला अडतीस, शंभराला शंभर. पानंच्या पानं तशीच.

त्या दोन वर्षांत मास्तर मान वळवून सहज विचारायचे, “काय बाई, किती भरले?” आणि बाई सांगून टाकायच्या. वय झालंय, गप्पा मारायला हव्या असतात माणसाला, अशी त्या स्वतःची समजूत घालत. खरं तर त्यांना सगळं कळत होतं. मास्तर कपाच्या बाहेर चहा ओतायला लागले होते, पायरी चाचपडत उतरत होते. दोघांच्याही निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि ती खुर्ची रिकामी झालेली बाईंना बघवणार नव्हती. म्हणून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

आता सही केली की मास्तरांचं नाव शाबूत राहणार होतं. पण सव्वीस वर्षांचं भांडून भांडून मोजलेलं काम भट्टीत जाणार, आणि उद्या कुणीतरी या खोट्या जुळणीवर विसंबून हिवतापाचं औषध ठरवणार. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“ही दोन वर्षं ठेवू नकोस, पोरी.”

“का हो? हीच तर सगळ्यांत चांगली आहेत!”

“यांचं दुसरं वाचन झालेलंच नाही. मास्तरांना दिसत नव्हतं. ते विचारायचे, मी सांगायचे. तसं रजिस्टरमध्ये लिही. आणि माझं नाव आधी लिही.”

डॉक्टरने यादीतल्या त्या दोन वर्षांवर काट मारली. मग म्हणाली, “ठीक आहे. ज्या वर्षांत तुम्ही दोघं भरपूर भांडलात, ती वर्षं ठेवते. पण या पेट्या तरी अशा कशा टाकायच्या? तुमचं वाचन खरं आहे ना?”

“माझं खरं आहे. दुसरा वाचक आणशील कुठून?”

डॉक्टरने एक पेटी उचलली, मायक्रोस्कोप ओढला आणि मास्तरांच्या खुर्चीत बसली. “हात गंजलाय माझा. हसायचं नाही हं.”

बाईही आपल्या खुर्चीत बसल्या, रजिस्टर मिटून मांडीवर घेऊन. पाठीमागे मायक्रोस्कोपच्या चाकाची ओळखीची करकर ऐकू आली. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या पाठीला पाठ लावून मोजत होतं! बाईंना भरून आलं.

थोड्या वेळाने डॉक्टरने मान वळवली. “बाई, हिच्यात तुमचे किती भरले होते हो?”

अगदी तसंच, सहज. बाईंनी रजिस्टर मांडीखाली सरकवलं आणि त्यावर घट्ट बसल्या.

“नाही सांगणार,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना. “मोजा तुम्ही, मास्तर.”