मालनच्या माशाची पेटी

“वर कडी लावायची का?” अमीनने विचारलं, आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याने जीभ चावली.

शिवाजी पेठेतल्या त्याच्या दुकानात कुणी फोटो मढवायला आलं की हा प्रश्न ठरलेला असे. फोटोतलं माणूस हयात आहे की गेलं, हे तोंडावर विचारवत नाही. म्हणून कडीचं विचारायचं. ‘लावा’ म्हणाले की समजायचं, हार घालायचा आहे. पण शालूबाईने फोटो आणलाच नव्हता. तिच्या हातात गोळ्यांची काचेची बरणी होती आणि बरणीत बोटाएवढा तांबडा मासा.

“माशाला हार घालत्यात व्हय?” ती म्हणाली.

“चुकलं वैनी. सवयीनं गेलं तोंडातनं.”

“बरनीत लई दाटतंय तिला. पेटी करून द्या. पर फोटूगत करा. उभी. जागा खायाची न्हाय अशी. फळीवर मामंजींच्या फोटूशेजारी बसली पायजे.”

शालूबाईचा नवरा गणपतराव अमीनचा तालमीतला दोस्त. उद्यमनगरात एका फौंड्रीत साचे भरायचा. त्यांची सात वर्षांची मालन मागच्या पावसाळ्यात घटसर्पाने गेली. तिचा एकही फोटो नव्हता. शाळेत काढतीलच की, म्हणून राहून गेला होता. हा मासा तिचा. रंकाळ्यावर एका फेरीवाल्याकडून, बापापुढे जमिनीवर बसकण मारून तिने तो घ्यायला लावला होता.

अमीनने काम मन लावून केलं. लोखंडी अँगलची चौकट जोडून आणली, हिरकणीने काचा कापल्या, सांध्यांत लांबीचा लगदा भरला. चौकटीच्या धंद्यात चित्र काचेला जितकं चिकटून, तितकं काम देखणं. तोच हिशेब त्याने पाण्याला लावला. पेटी हातभर उंच झाली आणि पुढून मागे जेमतेम चार बोटं. मासा कुठेही गेला तरी समोरच दिसायचा. मागे जायला त्याला जागाच नव्हती. फळीवर पेटी ठेवली तेव्हा शालूबाई कितीतरी वेळ तिच्यापुढे उभी राहिली, आणि काम साधल्याच्या समाधानात अमीन घरी गेला.

काही आठवड्यांनी गणपतराव दुकानात आला आणि बाकड्यावर बसला.

“गळतीया काय पेटी?” अमीनने विचारलं.

“गळली असती तर बरं झालं असतं लेका.” गणपतरावने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “ही त्या माशासंगट बोलाय लागलीया. म्हंजे, त्यो बोलतोय आन् ही ऐकतीया. तव्यावर भाकरी करपली तरी हिला पत्ता न्हाय. कामावरनं घरला गेलो की दारातच व्हटावर बोट धरती. म्हंती, गप, मालन बोलतीया.”

“मग तू काय म्हनतोस?”

“मी काय म्हननार? मीबी जरा वेळ उभा ऱ्हातो.” त्याने टोपी उलटी केली. “अमीन, लई दिवस बघितलं की मलाबी बोलल्यागत वाटतंय रं.”

रविवारी दुकान बंद ठेवून अमीन त्यांच्या घरी गेला. शालूबाई फळीखाली ट्रंकेवर उभी होती, कान काचेला लावून. पेटीतला मासा अगदी वर, पाण्याच्या कडेला उभा होता. तोंड उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. प्रत्येक वेळी पाण्यावर एक लहानसं वलय उठायचं. त्या तोंडाला खरोखरच काही सांगायची घाई असल्यासारखं दिसत होतं.

अमीनने नजर हलवली नाही.

“दिसभर वरच असती?”

“बोलायचं आसंल तर वरच येनार की.”

“आन् पानी बदलताना?”

“परातीत काढतो मी. तितं गप ऱ्हाती. तळाला जाऊन बसती. रुसती, दुसरं काय.”

“जरा काढून दाखवा की वैनी.”

तिने परातीत पाणी घेतलं आणि ओंजळीने मासा आत सोडला. मासा एक फेरी मारून तळाला टेकला. कल्ले संथ हलत होते. तोंड जवळजवळ मिटलेलं. अमीन उकिडवा बसून बघत राहिला. मग त्याने मासा पुन्हा पेटीत टाकायला लावला. थोडा वेळ मासा खाली राहिला, आणि हळूहळू वर येऊन तोंड हलवायला लागला.

परातीत पाणी कमी, पेटीत कितीतरी जास्त. तरी दम पेटीतच लागत होता. अमीनला ते कोडं सुटायला फार वेळ लागला नाही. पाण्याला वारा मिळतो तो वरून. परात सगळी उघडी. त्याच्या पेटीला वर चार बोटांची फट. उंची वाढवून त्याने माशाला नुसतं बोळात कोंडलं होतं.

हे तिला सांगायचं म्हणजे मालनचं बोलणं तिच्याकडून काढून घ्यायचं, तेही त्याला कळत होतं. तो बराच वेळ खाली सांडलेलं पाणी पुसत राहिला.

“वैनी,” शेवटी तो म्हणाला, “त्यो बोलत न्हाय. त्येला दम पुरंना. चूक माझ्या पेटीची हाय.”

गणपतरावने मान खाली घातली. शालूबाई ट्रंकेवरून उतरली आणि तिच्यावरच बसली.

“दवाखान्यात पन आसंच,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता, भाजी निवडताना बोलावं तसा. “व्हट हालत हुतं तिचं. मला वाटलं, घरला चल म्हंतीया. कान लावून बसलो. बोल बाळ, बोल, म्हनत हुतो मी. डाक्टर म्हनला, बाई, बाजूला व्हा. पोरीला श्वास घेता येईना झालाय.”

रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला.

“मग पेटी केवढी पायजे?” तिने विचारलं.

“उंची कमी. पर लांब-रुंद. वरनं उघडी. फळीवर न्हाय मावायची, खाली ठेवाय लागंल.”

ती उठली. भिंतीकडच्या कोपऱ्यात गुंडाळलेली मालनची वाकळ होती, ती तिने उचलून बाजूला ठेवली.

“हितं निजायची. हितनं, हितवर.” तिने जमिनीवर दोन ठिकाणी हात ठेवला.

अमीनने टेप काढला. माप घेताना आकडा मोठ्याने म्हणायची त्याची रीत होती. आज तो मनातच म्हणाला.

“आन् रुंदी?” गणपतरावने विचारलं.

“कुशीवर वळायची,” शालूबाई म्हणाली. “जरा जास्तच धरा.”

नवी पेटी सांध्यांतली लांबी वाळवून, पाणी भरून गळती तपासून बसवायला वेळ लागला. ती त्या कोपऱ्यात पाटावर ठेवली तेव्हा दुपार कलली होती. शालूबाईने दोन्ही हातांनी मासा आत सोडला. मासा तळाशी गेला, काचेच्या कडेकडेने लांबवर गेला आणि सावकाश वळला. जाताना त्याची शेपटी तेवढी दिसत होती. वर आला नाही.

शालूबाई जमिनीवर आडवी झाली आणि तिने कान काचेला लावला.

गणपतराव चहासाठी स्टोव्हला पंप मारत होता. “स्टो बंद करा,” ती म्हणाली. त्याने चावी सोडली. फुरफुर हळूहळू बसत गेली आणि थांबली. तिघंही ऐकत राहिले. पाण्यावर एकही वलय उठलं नाही.

बऱ्याच वेळाने ती उठून बसली. काचेवर तिच्या गालाचा ओलसर डाग उमटला होता. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि तो डाग कडेपासून नीट पुसून काढला.