बंद दुकानाचा रिटर्न

मुरबे गावच्या वत्सलेचं कागदाशी वाकडं. कागद मागणारा माणूस शेवटी पैसेच मागतो, हे तिचं ठाम मत होतं, आणि ते कोणाची बिशाद नव्हती खोडायची.

मुलगा दर्पण बोटीवरून परतलाच नाही, तेव्हा सून रुचिता तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. दोन वर्षांत खोकल्याने ती अर्धी झाली. तिथलं काम सोडा, नाहीतर फुप्फुसं जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. मग रुचिताने जीएसटी नंबर काढला आणि सुके बोंबील मोबाइलवरच्या बाजारात विकायला ठेवले. पाकिटं सुरतेला, बंगळुरूला जायला लागली. माल राज्याबाहेर जातो म्हटल्यावर धंदा चिमूटभर असला तरी नंबर लागतोच. खोकला निम्म्यावर आला. वत्सलेने देवाला नारळ दिला.

आगोटीला, पावसाआधीच्या खरेदीत, सगळा माल उठला. बोटी वर ओढल्या, बोंबील वाळवायच्या वलांडी उतरवल्या आणि रुचिताने मोबाइलवरचं दुकानही बंद केलं. पावसात कोळ्याचा धंदा बंदच असतो, त्यात कोणाला काय कळवायचं?

जुलैत बोईसरच्या शैलेशचा फोन आला. रुचिताची कराची कामं तोच बघायचा. ती पाण्याला गेली होती, म्हणून फोन वत्सलेने उचलला.

"मावशी, तिला सांगा, विक्री नसली तरी शून्याचा रिटर्न भरावाच लागतो."

"बोटी वर हायत, दुकान बंद हाय. शून्य कसलं भरायचं? तुला दोनशे रुपये पायजेत, सरळ सांग ना!"

आपण मोठं शहाणपण केलं असं वाटून वत्सलेने चहा टाकला. सुनेला काही सांगितलं नाही. सप्टेंबरात पुन्हा त्याचा फोन आला, तोही तिने कापला.

पाऊस लांबला, मग लोक मासे टाळतात तो मार्गशीर्ष आला. पौषात वलांडी बोंबलांनी भरल्या, पण दुकान उघडेना. सहा महिने रिटर्न नाही, नोटिशीला उत्तर नाही, म्हणून नंबर रद्द झाला होता. शैलेशने दंडासकट मागचं सगळं भरून अर्ज केला. तो कधी मंजूर होईल, ते त्यालाही सांगता येईना. तोवर माल व्यापाऱ्याने मातीमोलाने उचलला.

सोमवारी सकाळी रुचिताने खुंटीवरचा कारखान्याचा निळा डगला काढला आणि तोंडाला ओढणी गुंडाळली. वत्सला दारात आडवी आली.

"नको जाऊ. शैलेशचा फोन आलता. मीच घेतला. तुला नाय सांगितला."

"म्हाईत हाय, आई. पौषातच सांगितलं त्यांनी." रुचिताने डबा उचलला. "तुमी वलांडीवरचे बोंबील परता. व्यापारी दुपारी येल."

वत्सला बाजूला झाली. गल्लीच्या टोकाला रुचिताचा खोकला सुरू झाला, तो कंपनीची बस येईपर्यंत ऐकू येत होता.